माहेरच्या फळीवरचा साहेब

सदर इसम पुरुष असून प्रौढ आहे. व्यवसाय: कपडे धुणे व इस्त्री करणे. दुकान तळमजल्यावर, दर्शनी भाग काचेचा. बांधा काटक. वर्ण वाफेमुळे निश्चित सांगता येत नाही. ओळखीची खूण: डाव्या मनगटावर इस्त्रीच्या टोकाचा तिकोनी डाग, अंगावर सदैव कडक इस्त्रीचे कपडे. चौकशीस सहकार्य करतो, मात्र प्रश्नाचे उत्तर प्रश्नानेच देण्याची सवय आहे. सदर इसमाच्या ताब्यात एक (१) विदेशी सरपटणारा प्राणी, जात इग्वाना, रंग हिरवट, आढळून आला. प्राण्याचा उपयोग: निरंक. प्राण्यापासून उपद्रव: निरंक. सदर इसमाचे प्राण्याशी नाते: मालक.

हे वर्णन विदेशी प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या खात्याच्या निरीक्षकाने लिहिलं. लिहिताना तो कमरेला दुकानाचा टॉवेल गुंडाळून बाकावर बसला होता, कारण ‘आलोच आहे तर पँटवर एक हात फिरवून द्या’ असं त्याने आल्या आल्या सांगितलं होतं. लाँड्रीत मगर पाळली आहे, अशी शेजारच्या कोणीतरी तक्रार केली होती. मगर नाही हे पाहून निरीक्षक जरा हिरमुसला, पण कामाला लागला. अडचण फक्त शेवटच्या शब्दावर आली.

“मालक नका लिहू,” इस्त्रीवाले म्हणाले.

“मग काय लिहू?”

“तो गिऱ्हाइकाचा आहे.”

“गिऱ्हाईक कुठंय?”

“ते माहीत असतं तर हा इथं असता का?”

“हे बघा, रकाना रिकामा सोडता येत नाही. मालक, वारस, भाडेकरू, काहीतरी लागतं.”

“भाडेकरू लिहा,” गल्ल्यावरून बायको म्हणाली. “म्हणजे यांना भाडेकरू लिहा. मालकासारखा तर तोच बसलेला असतो.”

निरीक्षकाने मालक लिहिलं, पँट चढवली, क्रीज बोटाने तपासली, आणि प्राण्यांच्या डॉक्टरचा दाखला आणून ठेवा असं सांगून तो गेला.

गल्लीत इस्त्रीवाल्यांना कडकराव म्हणत. हे नाव स्वभावावरून पडलेलं नव्हतं. स्वभावाने ते भिजवलेल्या कापडासारखे होते, ज्याने पिळलं त्याच्याकडे वळायचे. नाव पडलं ते कपड्यांवरून. कडकरावांना चुरगळलेल्या शर्टात कोणी पाहिलेलं नव्हतं. लग्नाच्या फोटोत त्यांच्यापेक्षा त्यांची कॉलर आधी दिसते, असं त्यांच्या सासूबाई सांगत. सासूबाई लेकीजवळच राहायच्या, दुकानाच्या मागच्या एकुलत्या एका खोलीत, आणि दिवसभर दुकानातल्या स्टुलावर बसून लोकांची तुटलेली बटणं लावायच्या. बटण लावताना तोंड मोकळं असतं, ही त्या कामाची मोठी सोय आहे.

कडकरावांच्या धंद्याचे दोनच नियम होते आणि दोन्ही त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलेले होते. पहिला: प्रत्येक कपडा कोणाचा तरी असतो. कपडा आला की आधी त्याला चिंधी अडकवायची, चिंधीवर न पुसणाऱ्या शाईने गिऱ्हाइकाची खूण घालायची. मग धुणं, मग बाकी सगळं. दुसरा: कापड कोणतं आहे ते कळेना, तर इस्त्री उचलून धरायची. टेकवून बघायचं नाही. मनगटावरचा तिकोनी डाग हा दुसऱ्या नियमाचा होता. तरुणपणी एकदा एका कोटावर टेकवता टेकवता शंका आली, इस्त्री इतक्या घाईने उचलली की ती स्वतःवरच आली. कोट मात्र वाचला.

पहिल्या नियमातून माहेरची फळी निघाली. पावतीच्या मागे छापलेलं होतं की मुदतीत न नेलेल्या कपड्यांची जबाबदारी आमची नाही. पण ते छापखान्याने सगळ्याच लाँड्र्यांना छापून दिलं होतं, कडकरावांनी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. न नेलेले कपडे मागच्या भिंतीवरच्या सर्वांत उंच फळीवर जात. “न्यायला कोणी येईपर्यंत राहू देत माहेरी,” असं बायको एकदा म्हणाली, तेव्हापासून तिचं नाव माहेर. फळीवर एक लग्नाचा कोट होता, ज्याचा नवरदेव फिरकलाच नाही. पडद्यांची जोडी होती, जिच्या खिडक्या बहुधा पाडल्या गेल्या असाव्यात. शाळेचा एक ब्लेझर होता, ज्याच्या धन्याला आता पोट सुटलं असेल. अधूनमधून कडकराव हे सगळं खाली काढत, वारा देत, घडी मोडून नवी घडी घालत. “परक्याची वस्तू आहे, नीट राहिली पाहिजे.” फळीच्या खालूनच बॉयलरची वाफेची नळी जात असल्यामुळे माहेर कायम उबदार असे.

आणि या उबेमुळेच दाढीवाला आला.

दाढीवाला समोरच्या इमारतीत भाड्याने राहायचा आणि पांढरे शर्ट फार मळवायचा. एका दुपारी तो शर्टांचं गाठोडं आणि एक झाकणाची टोपली घेऊन आला. टोपलीत वीतभर अंगाचा आणि त्याहून लांब शेपटीचा हिरवागार प्राणी होता, आणि तो दुकानातल्या सगळ्यांकडे एकेका डोळ्याने स्वतंत्रपणे पाहत होता.

“दोनच दिवस,” दाढीवाला म्हणाला. “बाहेरगावी जातोय. याला ऊब लागते, आणि ऊब काय तुमच्याकडे फुकट आहे.”

बायकोने सवयीने विचारलं, “धुवायचं की नुसती इस्त्री?”

दाढीवाला हसला. ती हसली नाही. तिचा हात चिंधीवर खूण घालत होता. शर्टांना ज्या चिंध्या लागल्या तशीच एक टोपलीच्या कानाला लागली. दाढीवाला गेला. दोन दिवस गेले, तसे बरेच दिवस गेले. समोरच्या खोलीला नवा भाडेकरू आला. फोन लागेना. पांढरे शर्ट आणि एक निळा शर्ट माहेरी चढले, आणि त्यांच्या शेजारी, कडकरावांना दुसरी जागा सुचेना म्हणून, टोपलीही चढली.

“घोरपड पाळलीत, जावईबापू?” सासूबाईंनी विचारलं.

“पाळली नाही. ठेवली आहे.”

“पाळणं म्हणजे वेगळं काय असतं?”

हे कडकरावांना माहीत नव्हतं. पुढेही झालं नाही.

प्राणी पालेभाजी खायचा आणि वाढायचा. टोपलीत मावेनासा झाला तसा तो फळीवर मोकळाच राहू लागला, नळीच्या बरोबर वर, लग्नाच्या कोटावर हनुवटी टेकून. गळ्याखाली त्याला एक कातड्याची झालर होती, ती टायसारखी लोंबायची; शिवाय इतर सगळे राबत असताना तो बसून असायचा. म्हणून बायको त्याला साहेब म्हणायला लागली. साहेब मधूनच शिंकायचा आणि शिंकेतून पांढरी भुकटी उडायची. कोटावर ते डाग पाहून कडकरावांना वाटलं, आपल्याकडून स्टार्च जास्त होतोय. त्यांनी स्टार्च कमी केला. गिऱ्हाइकांची कॉलर वाकू लागली, डाग तसेच राहिले. मग एकदा शिंक त्यांच्या समोरच झाली.

दुपारची गर्दी ओसरली की साहेब फळीवरून खाली उतरायचा आणि दर्शनी काचेपाशी जाऊन बसायचा. येणारेजाणारे थांबत. आई पोरांना उचलून दाखवत. साहेब काचेला नाक लावून बाहेर बघायचा, कधी डावीकडे सरकायचा, कधी उजवीकडे, आणि कडकराव कौतुकाने म्हणायचे, “माणसांची आवड आहे त्याला. गिऱ्हाईक ओळखतो.” नाकावर लाल चट्टा आला तेव्हा त्यांनी मलम लावलं. नळीला भाजलं असणार. कुठलाही डाग इस्त्रीवाल्याला आधी भाजल्याचाच दिसतो.

पण खरी गोष्ट मलमाची नव्हती, हाताची होती. दुकान आवरल्यावर कडकराव स्टूल ओढून फळीपाशी उभे राहायचे आणि कपाळापासून मानेपर्यंत साहेबावरून हात फिरवायचे. ती कातडी कोणत्याही कापडासारखी नव्हती. आणि साहेब डोळे मिटायचा. एकेक पापणी हळूच खालून वर यायची, आणि त्या वेळी कडकरावांना आपण आयुष्यात काहीतरी बरोबर केलं आहे असं वाटायचं. त्यांना मूल नव्हतं. लोकांच्या शर्टांवरून हात फिरवण्यात जन्म गेला होता, आणि शर्ट कधी डोळे मिटत नाही.

दाखल्यासाठी ते साहेबाला टोपलीत, म्हणजे आता चादरींच्या मोठ्या टोपलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी साहेबाला टेबलावर घेतलं, तोंड उघडलं, पोट दाबलं आणि नाकाशी थांबल्या.

“हे काय?”

“नळीला भाजलंय. मलम लावतो.”

“भाजलेलं नाही हे. घासलेलं आहे. रोज घासतोय कशावर तरी. काच आहे कुठे?”

“दुकानाची आहे ना. तिथं बसून बाहेर बघतो. गिऱ्हाइकं ओळखतो.”

“कोणी सांगितलं?”

“दिसतंच की.”

“माझ्याकडे येणारे सगळे हेच सांगतात,” बाई म्हणाल्या. “दिसतंच की. अहो, त्याला काच कळत नाही. पुढे मोकळं दिसतंय आणि जाता येत नाही, म्हणून तो फट शोधतोय. नाकाने.”

कोर्टात शेवटचा साक्षीदार काढावा तसं कडकरावांनी काढलं: “पण मी हात फिरवला की डोळे मिटतो.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आवाज जरा खाली आणला. “बरं वाटलं की मिटतात. नकोसं झालं तरी मिटतात. पळायला जागा नसली, की समोरचा दिसू नये म्हणून मिटून घेतात.”

“मग हा कशासाठी मिटतो?”

“मला नाही माहीत.”

“डॉक्टर आहात ना तुम्ही?”

“म्हणून तर माहीत नाही म्हणते. बाकी सगळ्यांना माहीत असतं.”

कडकरावांनी विचारलं, याचं घर कुठे आहे, तिकडे सोडता येईल का. बाई म्हणाल्या, याच्या जातीचं रान समुद्रापलीकडे आहे आणि ते यानं पाहिलेलं नाही. हा कुठल्यातरी शेडमध्ये अंड्यातून निघाला आणि थेट पेटीत गेला. इथल्या रानात सोडला तर थंडीत मरेल. जगला तर दुसऱ्या कोणाचं तरी रान खाईल. मग त्यांनी विचारलं, मागची थंडी कशी गेली. मंदावला होता, कडकराव म्हणाले. आम्हाला वाटलं, साहेबच तो.

“बॉयलर बंद केलात की नळी गार होते,” बाई म्हणाल्या. “तेव्हा लहान होता, निभावला. या थंडीत निभावेल असं मला वाटत नाही. थंडी पडायच्या आत ठरवा. एकतर त्याला रात्रंदिवस गरम खोली, खास दिवे, चढायला झाड, हे सगळं द्या. नाहीतर गावाबाहेर एक काचघर आहे, अशाच टाकून दिलेल्यांसाठी. तिथं झाडं आहेत, ऊब आहे.”

“काच आहेच म्हणजे तिथंही.”

“आहे. माणसाच्या उंचीपर्यंत आतून रंगवलेली.”

घरी येऊन कडकरावांनी पहिलं काम केलं ते म्हणजे दर्शनी काचेला खालून अर्ध्यापर्यंत पुड्याचा तपकिरी कागद चिकटवला. गिऱ्हाइकांना वाटलं, दुकान बंद पडतंय. दोघांनी घाईने कपडे परत नेले.

“गरम खोली म्हणजे कोणती?” बायको म्हणाली. “खोली एकच आहे. आईला काढू का बाहेर?”

“मी जाते फळीवर,” सासूबाई म्हणाल्या. “नाहीतरी माहेरच ते.”

“आई, थट्टा नको. जीव आहे तो.”

“मग द्या ना त्या काचघरात. इतकं काय त्यात?”

“त्याला इथं बरं वाटत असेल तर?” कडकराव म्हणाले. “बरं वाटत असताना आपण उचलून दुसरीकडे टाकायचं? एकदा एकाने टाकलाच आहे त्याला.”

“आणि बरं वाटत नसेल तर?” बायको म्हणाली.

“तर इतके दिवस मी रोज…” कडकरावांनी हात पँटला पुसला.

त्या दिवसापासून ते स्टुलावर चढत, हात वर नेत, आणि टेकवायच्या आधी थांबत. साहेब एका डोळ्याने त्या हाताकडे पाहत राही.

हवेत गारवा येऊ लागला होता तेव्हा एक गुळगुळीत चेहऱ्याचा तरुण दुकानात आला आणि म्हणाला, “माझा एक निळा शर्ट राहिला होता बहुतेक.”

बायको म्हणाली, “पावती?”

“पावती कुठली आता! ओळखलं नाहीत? समोर राहायचो. दाढी होती मला.”

कडकरावांच्या हातातली इस्त्री हवेतच राहिली. त्यांना एकदम भीती वाटली की हा साहेबाला नेणार. नियमाप्रमाणे न्यायलाच हवा होता. चिंधीवर खूण त्याचीच होती. त्यांनी निळा शर्ट काढला, आणि मग सगळं बळ एकवटून वर बोट दाखवलं.

“तोही न्या.”

दाढी काढलेल्या दाढीवाल्याने वर पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकला. “बापरे! जिवंत आहे? एवढा झाला?”

“वाढतात ते,” सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या. “खायला घातलं की.”

“नाही हो, मला नको. लहान असतात तेव्हाच छान दिसतात. आता माझ्याकडे एक खार आहे, परदेशी. हवेत तरंगते. खिशात मावते शर्टाच्या.”

“म्हणून शर्ट हवाय?” बायकोने विचारलं.

“नाही, नाही.” त्याने निळा शर्ट उलगडला, उजेडात धरला. “घडीवर पिवळं पडलंय इथं. हे आधी नव्हतं.”

कडकरावांची घडी पिवळी पडते असं आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं, आणि पडली होती हे खरं होतं. साहेबाच्या नादात फळीवरच्या कपड्यांची घडी बऱ्याच दिवसांत मोडून नवी घातली नव्हती. त्यांनी शर्ट परत घेतला, डाग काढला, इस्त्री केली, बांधून दिला. तरुण गेल्यावर टोपलीच्या कानाची चिंधी सोडली आणि ती हातात धरून उभे राहिले. साहेब नेला असता तर ते रडले असते. नेला नाही म्हणून त्यांना इतका राग आला की कान तापले. दोन्ही एकाच छातीत कसं मावलं, हे त्यांना उलगडेना.

“आता हा कोणाचा?” त्यांनी विचारलं.

“एवढंच असेल तर त्यालाच विचारा,” बायको वैतागून म्हणाली, “की बाबा, तुला हे हवेत की नळी हवी?”

ती टोमणा मारून मोकळी झाली. कडकरावांनी तो सल्ला म्हणून घेतला.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बॉयलर बंद, शटर खाली. दुकानाच्या एका टोकाला त्यांनी इस्त्रीने तापवलेली घोंगडी अंथरली. दुसऱ्या टोकाला स्वतः जमिनीवर मांडी घालून बसले. साहेबाला बरोबर मधे ठेवलं. सासूबाई पंच म्हणून स्टुलावर. बायको दारात, हाताची घडी घालून, ‘माझा याच्याशी काही संबंध नाही’ अशा चेहऱ्याने, पण जागची न हलता.

साहेबाने जीभ काढली. घोंगडीकडे पाहिलं. मग वळला, खरखरत कडकरावांकडे आला, मांडीवर चढला, तिथून छातीवर, आणि शर्टाला चारी पंजे रोवून त्याने डोळे मिटले.

कडकरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. “बघितलंत?” ते हळू म्हणाले, साहेब उठू नये म्हणून. “बघितलंत ना?”

सासूबाई उठल्या, घोंगडीला हात लावून आल्या, मग जावयाच्या पाठीला. “शर्ट कधी केलात, जावईबापू?”

“आत्ताच. बसायच्या आधी.”

“घोंगडी फरशीवर गार झाली आहे. हा अजून भाजतोय.”

बायकोने कपाळावर हात मारला. “अहो, आजच्या दिवस तरी!”

“असं कसं?” कडकराव म्हणाले. “एवढं महत्त्वाचं काही विचारायचं आणि बिनइस्त्रीचा शर्ट घालून विचारायचं?”

पुढची सुट्टी येईपर्यंत त्यांनी परीक्षा पुन्हा घ्यायची याखेरीज कसलाच विचार केला नाही. पण बिनइस्त्रीचा शर्ट घरात नव्हता. एक धुऊन, पिळून, तसाच दोरीवर वाळवावा लागला. तो घालून ते बाहेर आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “बरं नाही का?” कडकरावांना स्वतःलाही कोणाचं तरी अंग घालून आल्यासारखं वाटत होतं. या वेळी घोंगडी दोनदा तापवली, खाली पुठ्ठा घातला. साहेबाला मधे ठेवलं.

साहेब घोंगडीकडे गेला नाही. कडकरावांकडेही आला नाही. शटरच्या खाली उजेडाची एक बारीक पट्टी होती, तिकडे गेला. त्या फटीत त्याने नाक घातलं आणि पट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेलं. मग तसंच परत. लोकरीच्या कोटावर ब्रश मारताना येतो तसा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. मग साहेब वळला, कडकरावांकडे आला, चुरगळलेल्या शर्टावर चढला आणि त्याने डोळे मिटले.

“जिंकलात!” बायको म्हणाली. तिच्याही नकळत तिने टाळी वाजवली. “शर्ट गार आहे या वेळी!”

“शर्ट गार आहे,” सासूबाई म्हणाल्या, “पण आत जावईबापू आहेत ना? माणूस गरमच असतो.”

“मग कसं कळायचं?” कडकरावांनी विचारलं.

“तुम्ही गेल्यावर. गार पडलात आणि तरी तो आला, तर म्हणू माया आहे.”

“आई!”

“खोटं बोलले का? त्याच्याशिवाय ही परीक्षा व्हायची नाही.”

कडकराव हलले नाहीत. साहेबाचं नाक त्यांच्या हनुवटीखाली होतं आणि त्यावरची खपली पुन्हा निघाली होती. “आधी कुठे गेला तो?” ते म्हणाले. “माझ्याकडे यायच्या आधी?”

“शटरपाशी.”

“सरड्याची धाव…” सासूबाईंनी सवयीने सुरुवात केली. ही म्हण त्या साहेब उतरला की रोज म्हणायच्या आणि रोज स्वतःच हसायच्या. आज त्यांनी ती अर्ध्यावर सोडली.

“कदाचित तिथं ऊन असेल,” कडकराव म्हणाले. “शटर तापतं. त्यासाठी गेला असेल. संध्याकाळी करून बघितलं तर…”

“पुरे,” बायको म्हणाली, पण रागाने नाही. “थंडी थांबणार नाही तुमच्यासाठी.”

कडकरावांचा उजवा हात साहेबाच्या पाठीवर होता. मग त्यांनी तो उचलला आणि हवेत धरून ठेवला.

“मला कापड कळत नाही हे,” ते म्हणाले. “फोन कर बाईंना.”

बाई त्याच दुपारी काचघरात जाणार होत्या. कपडे बदलायला घेतले असते तर मन बदललं असतं, म्हणून कडकराव तसेच निघाले. टोपलीत गरम टॉवेल घातले होते, तरी वाटेत गारठा लागेल म्हणून त्यांनी साहेबाला काढून छातीशी घेतलं. रस्त्यात ओळखीचे लोक भेटले. साहेबाकडे कोणी पाहिलं नाही; सगळे शर्टाकडे बघत होते.

काचघरात दमट ऊब होती, बॉयलरशेजारी असते तशी. झाडं होती, आणि झाडांवर साहेबासारखे आणखी साहेब होते, काही शेपटी तुटलेले, एक आंधळा. काचेला कडकरावांच्या डोळ्यांइतक्या उंचीपर्यंत हिरवा रंग होता. त्याच्या वर आभाळ दिसत होतं.

“द्या,” बाई म्हणाल्या.

साहेब सुटेना. पंजे शर्टात रुतले होते.

“बघा,” कडकराव म्हणाले. “सोडत नाही मला.”

“नखं अडकली आहेत.” बाईंनी एकेक नख सोडवलं, शर्टाचे दोरे निघत गेले. शेवटचं सोडवताना त्या म्हणाल्या, “किंवा सोडत नसेल. तेही असेल.”

फांदीवर ठेवल्यावर साहेब वर चढला, रंगाच्या वरच्या उजेडापर्यंत गेला, आणि तिथं डोळे मिटून बसला. त्याला काय वाटलं, हे विचारायला कडकरावांनी बाईंकडे पाहिलं; बाई हात धूत होत्या.

दारापाशी खात्याच्या टेबलाशी, येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायला, तोच निरीक्षक बसला होता. त्याने जुनं वर्णन काढलं. मनगटावरचा तिकोनी डाग पाहिला, खूण केली. पुढची ओळ वाचली, वर पाहिलं, पुन्हा वाचली.

“अंगावर सदैव कडक इस्त्रीचे कपडे. हे तुम्हीच ना?”

“मीच.”

निरीक्षकाने थोडा विचार केला. मग ‘मालक’ या शब्दाआधी ‘माजी’ लिहिलं आणि शिक्का मारला.

तो शर्ट घरी आल्यावर धुतला. माहेरच्या फळीवर आहे. त्याला इस्त्री केलेली नाही.